दगडी कातडीचा हिशेब

ग्रॅनाइटची आणि हिऱ्याची चिमूटभर पूड घ्यावी, ज्याला वाचवायचे त्याच्या अंगावर ती भुरभुरावी, मंत्र म्हणावा आणि त्याला हात लावावा. मग तलवारीचा, बाणाचा, राक्षसाने भिरकावलेल्या धोंड्याचा किंवा सापाच्या दंशाचाही त्या देहावर परिणाम होत नाही. वाचकांना एखाद्या तंत्रग्रंथाची आठवण होईल. पण हा मजकूर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाच्या नियमपुस्तकातला आहे. मंत्राचे नाव ‘स्टोनस्किन’. अभ्यासकी थाटात त्याला ‘पाषाणत्वचा’ म्हणता आले असते. मी ‘दगडी कातडी’ म्हणणार आहे, कारण मूळ इंग्रजी शब्दही तितकाच रांगडा आहे.

१९८५ ते २०२४ या काळात हा एक मंत्र निदान सहा वेळा नव्याने लिहिला गेला. नाव तेच, हिऱ्याची पूड तीच, परिणाम मात्र दर वेळी वेगळा. ही सहा रूपे शेजारी ठेवून वाचताना पाठभेद लावत बसण्याचा आनंद तर मिळालाच, शिवाय एक फार जुना प्रश्न त्यांत दिसला. ज्याला काहीच लागत नाही असा देह गोष्टीत आणला की गोष्ट थांबते. ती चालू राहावी म्हणून त्या देहात कुठेतरी एक भोक ठेवावे लागते. ते कुठे ठेवायचे, हा प्रश्न पुराणकारांना पडला होता, तसाच तो विस्कॉन्सिनमधल्या खेळ रचणाऱ्यांनाही पडला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण ‘डंजन मास्टर’, म्हणजे कीर्तनकार आणि पंच यांचे मिश्रण. तो गोष्ट सांगतो आणि निवाडाही देतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. घाव लागला की चुकला हे फासे टाकून ठरते. प्रत्येक पात्राला काही ‘हिट पॉइंट’ असतात. त्यांना आपण प्राणांक म्हणू. घाव लागला की प्राणांक वजा होतात, शून्यावर आले की पात्र कोसळते.

यातला जादूगार कमालीचा नाजूक असतो, आणि त्याचे कारण खेळाच्या वंशावळीत आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायचा तो युद्धखेळ. त्याच्या शेवटी जोडलेल्या अद्‌भुत विभागात जादूगार आला तो तोफखाना म्हणून. त्याच्या अग्निगोळ्याच्या आघाताचा घेर मोठ्या गोफणयंत्राइतका आणि विजेचा मारा जड तोफेसारखा, असे तिथे चक्क लिहिले आहे. तोफ लांबून संहार करते, पण शत्रू तोफेपर्यंत पोचला की ती निरुपयोगी, म्हणून तिच्याभोवती पहारा लागतो. पुढे तोफेला माणसाचे रूप, नाव आणि स्वभाव मिळाला तरी तिची ही दुर्बलता गेली नाही. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांत योद्ध्याला दर पातळीमागे दहा बाजूंचा फासा टाकून प्राणांक मिळतात, जादूगाराला चार बाजूंचा. चिलखत घालायची त्याला मनाई. लांब तलवारीचा एक घाव एक ते आठ प्राणांक घेतो. म्हणजे पहिल्या पातळीवरचा जादूगार एका घावाचा धनी. शिवाय त्याचे मंत्र सकाळी पाठ करायचे आणि एकदा उच्चारले की ते स्मृतीतून पुसले जायचे. जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचललेली ही कल्पना. मंत्रांना इयत्ता असतात. दगडी कातडी चौथ्या इयत्तेची, आणि ही इयत्ता जादूगार सातव्या पातळीवर पोचला की उघडते. तोवर त्याचे प्राणांक सरासरीने सतरा-अठरा झालेले असतात. योद्ध्याच्या मानाने ते तुटपुंजेच.

आता भोकाकडे वळू. कथांमध्ये ते बहुधा शरीरावर असते. अकिलीसची टाच सर्वांना ठाऊक आहे. ती ‘इलियड’मध्ये नाही, रोमन कवी स्टेशियसच्या पहिल्या शतकातल्या काव्यात ती येते. ‘निबेलुंगेनलीड’मधला सीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हातो आणि त्याची कातडी शिंगासारखी कठीण होते, पण दोन खांद्यांच्या मधोमध एक पान चिकटलेले असते, तेवढी जागा कोरडी राहते. दुर्योधनाच्या बाबतीत गांधारीच्या दृष्टीची गोष्ट आपण ऐकत आलो. महाभारताच्या वनपर्वात वेगळीच हकिकत आहे: दानव त्याला सांगतात की तुझा कमरेवरचा भाग शिवाने वज्राचा घडवला आणि खालचा भाग देवीने फुलांचा. भीमाची गदा कुठे पडणार हे त्याच वेळी ठरले म्हणायचे.

गायगॅक्सच्या खेळात असे भोक ठेवायला जागाच नव्हती. तिथे टाच नाही, मांडी नाही, पाठ नाही. प्राणांकांचा एक आकडा आहे आणि घाव त्या आकड्याला लागतो. आपली रामरक्षा डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाला एकेक रक्षक नेमून देते. तशी रचना या खेळात करायची म्हटली तर प्रत्येक अवयवासाठी वेगळा फासा टाकावा लागेल. (१९७५ च्या एका पुरवणीत असा प्रयत्न झालाही, तो रुजला नाही.) देहाचा नकाशाच नसल्यामुळे भोक हलवावे लागले, आणि ते हिशेबात गेले. एकूण प्रश्न ‘कुठे लागेल’ असा न राहता ‘कितवा लागेल’ असा झाला. माझ्या मते या मंत्राचे सगळे वेगळेपण इथे आहे.

१९८५ च्या ‘अनअर्थ्ड अर्केना’ या ग्रंथात मंत्र प्रथम जादूगारांच्या यादीत आला तेव्हा हिशेब अगदी सोपा होता: एक. एका शत्रूचा एक हल्ला, फार तर त्याने सलग केलेल्या घावांची एक फेरी, त्वचा झेलणार आणि मंत्र संपणार. अग्निगोळा किंवा वीज यांच्यापुढे ती कुचकामी. घाव शस्त्राचे असतील तरच उपयोग.

१९८९ मध्ये डेव्हिड कुक यांच्या हाताखाली दुसरी आवृत्ती निघाली आणि एकाचे अनेक झाले. चार बाजूंच्या फाशावर पडेल तो आकडा, अधिक जादूगाराच्या पातळीच्या निम्मे, इतके हल्ले त्वचा परतवते. नवव्या पातळीचा जादूगार पाच ते आठ हल्ले झेलणार. ग्रिफिनसारखा प्राणी दोन पंजे आणि चोच मिळून एका फेरीत तीन हल्ले खर्ची घालणार. मंत्राने सोडलेले चार जादुई तीर लागले तर जखम होणारच, वर चार हल्ल्यांची गणतीही होणार. नेम साधला की चुकला हे न पाहता हल्ला मोजायचा. हा मजकूर वाचताना एखाद्या बँकेच्या पासबुकाची नोंद वाचतोय असे वाटते. शिल्लक किती आणि खर्च कशाने होतो ते सांगितले आहे. मुदत मात्र नाही. शिल्लक संपेपर्यंत कातडी अंगावर राहणार. पुडीची किंमतही सांगितलेली नव्हती.

खेळाडूंनी हे लगेच हेरले. मुदत नसेल तर लढाईच्या ऐन वेळी मंत्र म्हणायचा कशाला? आदल्या दिवशी घरीच म्हणावा, झोपून उठावे, पुसला गेलेला मंत्र पुन्हा पाठ करावा आणि कातडी अंगावर आणि मंत्र डोक्यात असे दोन्ही घेऊन गुहेत शिरावे. थोड्याच काळात सातव्या पातळीपुढचा प्रत्येक शहाणा जादूगार बारमाही दगडी झाला. ज्याला पहाऱ्याची गरज होती तो पहारेकऱ्यापेक्षा टणक निघाला. टेबलाभोवती बसलेल्या योद्ध्याच्या खेळाडूचे काय? त्याचे काम हिरावले गेले. सहा जणांत एकालाच मरणाचे भय नसेल तर उरलेल्या पाचांची संध्याकाळ फुकट जाते.

त्यावर उतारा निघाला तो नियमांच्या शब्दांतूनच. नियम म्हणतो ‘हल्ला’ मोजा. किती जोराचा हल्ला, हे तो सांगत नाही. मग शत्रूच्या बाजूने मूठभर खडे फेकले तर? प्रत्येक खडा एक हल्ला. सात खडे, सात हल्ले, आणि राक्षसाचा धोंडा अडवणारी त्वचा एका पोराने भिरकावलेल्या खडीने उतरली. ही युक्ती दुसऱ्या आवृत्तीच्या खेळाडूंमध्ये सर्वतोमुखी होती. तिच्यावरून झालेले वाद मला न्यायशास्त्राच्या वर्गात शोभणारे वाटतात. एका मुठीतले खडे एकदम फेकले तर तो एक हल्ला की दहा? दुखापत करण्याचा हेतू नसेल तर त्याला हल्ला म्हणायचे का? मित्राने चुकून धक्का दिला तर? हिरण्यकशिपूने वर मागताना दिवस-रात्र, घर-अंगण, मनुष्य-पशू अशी सगळी कलमे लावून घेतली होती. नरसिंहाने त्यांतल्या एकाही कलमाचा भंग केला नाही, फक्त कलमांच्या मधल्या फटी शोधल्या. खडे फेकणारा पोरगा त्याच परंपरेतला. तरी वाद टेबलावर मिटतो, कारण डंजन मास्टरचा शब्द अखेरचा. तो म्हणतो, खडा म्हणजे हल्ला नव्हे, आणि खेळ पुढे सरकतो.

संगणकाला अशी नजर नसते. ‘बाल्डर्स गेट’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली ती याच दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर. २००० साली आलेल्या तिच्या दुसऱ्या भागात शत्रुपक्षाचा जवळजवळ प्रत्येक मोठा जादूगार दगडी कातडी पांघरूनच समोर येतो, आणि ती फोडण्यासाठी ‘ब्रीच’ नावाचा वेगळा मंत्र जवळ बाळगावा लागतो. मग त्या ‘ब्रीच’पासून वाचवणारे मंत्र, ते उतरवणारे आणखी मंत्र. जादूगारांची लढाई म्हणजे कांदा सोलण्याची स्पर्धा झाली. ज्यांनी हा खेळ तेव्हा खेळला त्यांतले बरेच जण आज चाळिशीत आहेत आणि हा क्रम अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात.

त्याच २००० साली, ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या नव्या मालकाने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीने खड्यांची युक्ती निकालात काढली. मोजायचे ते हल्ले नव्हे, दुखापत. प्रत्येक घावातले दहा प्राणांक त्वचा सोसणार, आणि एकूण सोसण्याची मर्यादा पातळीच्या दहापट, जास्तीत जास्त दीडशे. खड्याने एका प्राणांकाची इजा होणार असेल तर शिलकीतून एकच जाणार. मुदतही आली: पातळीमागे दहा मिनिटे. आणि पुडीला किंमत लागली, अडीचशे सोन्याची नाणी. घरी बसून फुकट दगड होण्याचे दिवस संपले.

या आवृत्तीत एक अपवाद होता. फारच प्रबळ मंतरलेले शस्त्र ही त्वचा भेदू शके. २००३ च्या सुधारणेत तो अपवाद बदलून ‘अ‍ॅडमँटाइन’ या काल्पनिक धातूच्या नावे केला गेला. हे मला फार आवडते. ग्रीक भाषेत ‘अडामास’ म्हणजे जे नमत नाही ते. त्याच शब्दावरून ‘अ‍ॅडमँटाइन’ आला आणि लॅटिन-फ्रेंच वळणे घेत ‘डायमंड’ही आला. म्हणजे अंगावर पूड ज्याची, तोडणारे शस्त्रही नावाने त्याचेच. नियम लिहिणाऱ्यांच्या हे मनात होते का, ते असो. हिरा हिऱ्यानेच कापतात हे सुरतेच्या कारागिरालाही ठाऊक असते. संस्कृतात तर ‘वज्र’ म्हणजे हिराही आणि इंद्राचे शस्त्रही.

पुडीबद्दल अजून थोडे. या खेळातल्या मंत्रांचे साहित्य बहुतेक वेळा थट्टेने निवडलेले असते. अग्निगोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते. विष्ठेतून सोरा मिळतो, म्हणजे ही बंदुकीच्या दारूची पाककृती. विजेला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी, म्हणजे शाळेतला स्थिर विजेचा प्रयोग. दगडी कातडीची पूड मात्र थट्टेतली नाही. सारख्याने सारखे उपजते, स्पर्शाने गुण उतरतो, ही जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’मध्ये मांडलेली जादूची दोन्ही तत्त्वे तिथे एकत्र आली आहेत. पदार्थविज्ञान मात्र थोडे फसते. मोसच्या मापनात हिरा दहावर असला तरी ते मापन ओरखड्याचे आहे. हातोडीने हिऱ्याच्या ठिकऱ्या होतात. कदाचित म्हणून ग्रॅनाइटची जोड दिली असेल.

मराठीत या मंत्राला सर्वांत जवळचा शब्द ‘वज्रलेप’ आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाच्या कृती आहेत, आणि पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या वज्रलेपाच्या बातम्या आपण वाचतो. तिथे दगडालाच वरून त्वचा द्यावी लागते, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या पदस्पर्शाने पाय झिजले. एकेक स्पर्श कणभर दगड नेतो. खड्यांच्या युक्तीवर हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पण ‘लेप’ म्हटले की एक पेच उभा राहतो, आणि तो नियमकारांनाही सुटलेला नाही. मंत्राने कातडीच दगड होते, की कातडीवर एक आवरण येते? या खेळात जादूच्या आठ शाखा आहेत. दुसऱ्या आवृत्तीत हा मंत्र रूपपरिवर्तनाच्या शाखेत होता. तिसऱ्या आवृत्तीने तो रक्षणाच्या शाखेत टाकला आणि २०१४ ची पाचवी आवृत्तीही त्याच मताची. २०२४ मध्ये तो पुन्हा रूपपरिवर्तनात परतला. दुर्योधन वज्राचा घडवलेला होता, कर्ण कवच घालून जन्मला होता. कवच काढून देता येते, देह देता येत नाही. माझे मत परिवर्तनाच्या बाजूचे आहे, निव्वळ नावामुळे.

इथे थोडे विषयाबाहेर जातो असे वाटेल, पण जायला हवे. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले. मुलाच्या आत्महत्येला हा खेळ कारणीभूत ठरला अशी ठाम समजूत झालेल्या एका आईने १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना काढली; मुले या पुस्तकांतून खरे मंत्र शिकतात, असे जाहीर सांगितले जाऊ लागले. त्या आईच्या दुःखाविषयी काही बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र मंत्राचा मजकूर वाचला की आक्षेप टिकत नाही. खऱ्या अभेद्यतेच्या मंत्रात हिशेब लिहिलेला नसतो. १९०५ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, कापसाच्या सक्तीने पिचलेल्या लोकांनी उठाव केला. किंजिकिटिले न्ग्वाले याने दिलेले औषधी पाणी अंगावर असले की बंदुकीच्या गोळ्यांचे पाणी होते, अशी त्यांची श्रद्धा होती. पाण्याला स्वाहिलीत ‘माजी’ म्हणतात. उठावाचे नावच ‘माजी माजी’ पडले. त्या ऑगस्टमध्ये माहेंगेच्या ठाण्यावर हजारो लोक चालून गेले आणि समोर मशीनगन होत्या. उठाव आणि त्यामागून आलेला दुष्काळ यांतल्या मृतांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. आपल्याकडे बिरसा मुंडांच्या उलगुलानातही गोळ्यांचे पाणी होण्याची श्रद्धा होती. त्या माणसांना भाबडे म्हणणे सोपे आहे. त्यांच्या हातात दुसरे काय होते, हे विचारणे अवघड. त्यांच्या पाण्याला कितव्या गोळीपर्यंत, असे कलम नव्हते. आणि समोरच्याने ते मान्य केलेले नव्हते. टेबलावरची दगडी कातडी चालते ती समोरच्या बाजूनेही तोच नियम वाचलेला असतो म्हणून.

पाचव्या आवृत्तीने भोक पुन्हा हलवले, आणि या वेळी ते जादूगाराच्या मनात नेले. २०१४ च्या मजकुरात मोजदाद नाहीच. एक तासापर्यंत साध्या शस्त्रांची दुखापत निम्मी होते. पण तोवर जादूगाराने एकाग्र राहिले पाहिजे. त्याला इजा झाली की फासा टाकायचा. चुकला तर एकाग्रता भंगली आणि मंत्र गेला. म्हणजे घावापासून वाचवणारा मंत्र घावानेच मोडू शकतो. शिवाय त्या तासात एकाग्रता लागणारा दुसरा कुठलाही मंत्र चालवता येत नाही. वरच्या पातळीवर गाठ पडणाऱ्या अनेक राक्षसांचे घाव मंतरलेले, त्यांच्यापुढे ही त्वचा निरुपयोगी. परिणाम असा की एकेकाळी प्रत्येक जादूगाराच्या अंगावर असलेला मंत्र पाठ करायलाच कुणी तयार होईना. २०२४ मध्ये ‘साध्या शस्त्रांची’ हे बंधन काढून टाकले. एकाग्रतेचे बंधन तसेच आहे. माझ्या मते हे सहा पाठांतले सर्वांत समंजस रूप असले तरी सर्वांत रंजक १९८९ चेच. त्यात चूक होती आणि त्या चुकीत खेळणाऱ्यांना बुद्धी चालवायला जागा होती.

एकाग्रतेच्या अटीमुळे आता बहुतेक गट हा मंत्र जादूगाराऐवजी योद्ध्यावर टाकतात. जादूगार मागे, शक्यतो खांबाआड उभा राहतो आणि त्याचे मन योद्ध्याच्या कातडीवर लागलेले असते. तोफेने पहारेकऱ्याचे चिलखत सांभाळायचे, अशी उलटापालट झाली. पुडीची किंमत उतरून शंभर नाणी झाली आहे, आणि प्रत्येक वेळी ती पूड खर्ची पडते. ते पैसे जादूगाराने भरायचे की ज्याच्या अंगावर पूड पडली त्याने, याबद्दल कुठल्याही आवृत्तीत एक ओळ नाही. पुण्यात ज्या गटाच्या खेळाला मी काही रविवार नुसता बघायला बसत असे, तिथे यावर पाऊण तास वाद चालला होता. अखेर योद्ध्याने साठ द्यायचे आणि जादूगाराने चाळीस, असे ठरले. चोराने काहीच दिले नाही.